टॉवेल कारखान्यासाठी नवीन आयडिया काढायच्यात, पण मीटिंगमध्ये सगळे गप्प बसतात, कुठली पद्धत वापरू?

मागावरची_मुलगी, सोलापूर

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, सांभाळून घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, पप्पा आणि काका मिळून चालवतात, माझं शिक्षण संपलं तसं मीपण आता रोज तिथेच असते. माल चांगला आहे आमचा, त्यात शंका नाही, पण वर्षानुवर्षं तेच चाललंय, पांढरा हॉटेलचा टॉवेल, हात पुसायचे नॅपकिन, दोन-तीन साइज, आणि व्यापारी आला की वजनावर भाव करतो, दुसरा कुणी किलोमागे थोडे कमी सांगतोय म्हटलं की आम्हीपण खाली येतो. आता पप्पा स्वतःच म्हणालेत की दिवाळीपर्यंत दोन तरी असे आयटम काढू जे बाकी कुणाकडे नाहीत.

त्यासाठी मीटिंग घेतली. ऑफिसात पप्पा, काका, डिझाइनवाला दादा, जॉबर मामा (माग लावून देणारे, बिघडले तर नीट करणारे), शिलाईच्या मावशी आणि मी. चहा आला, पप्पांनी विचारलं "बोला, नवीन काय करायचं?" आणि सगळे चहाच्या कपात बघत बसले. शेवटी काका म्हणाले रंग काढू, पप्पा लगेच म्हणाले डाइंगचा खर्च कोण देणार, झालं, त्यानंतर कुणी तोंडच उघडलं नाही आणि गाडी लाइट बिलावर गेली. मला वाईट याचं वाटतं की जॉबर मामांकडे खूप आयडिया असतात, मागाशेजारी उभं राहून मला एकटीला सांगतात, असं केलं तर, तसं केलं तर, पण ऑफिसात आले की एक शब्द नाही.

नेटवर बघितलं तर पद्धती ढीगभर आहेत, स्कॅम्पर, सहा टोप्या, माइंड मॅप, अजून काय काय. सगळी उदाहरणं मोठ्या कंपन्यांची. आमच्यासारख्या ठिकाणी खरंच चालेल अशी कुठली आहे? एक अडचण आधीच सांगते, आमच्याकडे काही जण तेलुगूच लिहितात, काहींना मराठी वाचता येतं पण लिहायला नको वाटतं आणि मावशींना कागद पुढे केला की त्या हात मागे घेतात.

---

कागद_पेन_सोलापूर

ताई, तुमच्याकडे बोलायची पद्धत वापरूच नका, लिहायची वापरा. मी इथेच एका कॉलेजात शिकवतो, पोरांच्या प्रोजेक्टचे विषय ठरवताना मी हीच वापरतो, कारण वर्गातपण तेच होतं, दोन जण बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात.

पद्धतीला सहा-तीन-पाच म्हणतात, ब्रेनरायटिंगचा प्रकार आहे, जर्मनीतल्या बर्न्ड रोरबाख यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी मांडली. सहा जण बसतात, प्रत्येकाने तीन आयडिया लिहायच्या, वेळ पाच मिनिटं, म्हणून ते नाव. प्रत्येकासमोर एक कागद, त्यावर उभे तीन रकाने आणि आडव्या सहा ओळी आखलेल्या, वर मोठ्या अक्षरात प्रश्न. पहिल्या पाच मिनिटांत पहिल्या ओळीत तीन आयडिया लिहायच्या, मग सगळ्यांनी आपापला कागद उजवीकडच्याला द्यायचा. आता त्याच्यासमोर दुसऱ्याचा कागद आलाय, त्याने वरचं वाचायचं आणि खालच्या ओळीत आणखी तीन लिहायच्या, वरच्या आयडियेला जोड दिली तरी चालेल, एकदम नवीन सुचली तरी चालेल. अशा सहा फेऱ्या, म्हणजे अर्ध्या तासात सहा कागदांवर प्रत्येकी १८, एकूण १०८ आयडिया. त्यातल्या बऱ्याच सारख्या निघतात, काही अगदीच अशक्य असतात, पण त्या गाळून जे उरतं तेसुद्धा तुमच्या मीटिंगमधल्या एका "रंग काढू" पेक्षा कितीतरी जास्त असतं.

आणि या अर्ध्या तासात कुणी बोलायचं नाही. पप्पांनीपण नाही. हे पाळलं गेलं तर सगळं जमतं.

हे का चालतं ते सांगतो, म्हणजे घरी पटवायला सोपं जाईल. ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे गटाने बसून बोलून आयडिया काढणं, हा प्रकार लोकांपर्यंत नेला तो अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने, बीबीडीओ एजन्सीतला माणूस, त्याचे चार नियम १९५३ पासून जगभर वापरात आहेत. टीका नंतर करा, कितीही अचाट वाटली तरी आयडिया येऊ द्या, संख्या वाढवा आणि दुसऱ्याच्या आयडियेला जोड द्या. नियम उत्तम आहेत, पण १९५८ साली येल विद्यापीठात हे तपासून बघितलं, चौघांचा गट एकत्र बसवला आणि दुसरीकडे चौघांना वेगवेगळं बसवून त्यांच्या आयडिया नंतर एकत्र केल्या, सारख्या गाळल्या, तर वेगळे बसलेल्यांच्या आयडिया जास्त भरल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोघांनी कारण शोधलं, गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात, आणि थांबता थांबता डोक्यातलं निसटतं किंवा आता काय सांगायचं म्हणून सोडून देतात. लिहिण्यात सहाही जणांची डोकी एकाच वेळी चालतात, आणि कागद फिरत असल्यामुळे दुसऱ्याच्या आयडियेचा फायदापण मिळतो.

भाषेचं म्हणाल तर लिहिलंच पाहिजे असं कुठे आहे? चित्र काढू दे. टॉवेलचं चित्र म्हणजे एक चौकोन, तो कुणालाही येतो. कारखान्यात कापडाचे तुकडे पडलेले असतील ते टेबलावर ठेवा, पाहिजे तसा दुमडून, कापून कागदाला स्टेपल मारू दे. तेलुगूत लिहिलं तर तेलुगूतच राहू दे, शेजारी दोन्ही वाचता येणारा माणूस बसवा म्हणजे कागद पुढे जाताना तो तिथल्या तिथे मराठीत एक ओळ टाकेल.

---

धोटा_ते_जेकार्ड

ताई मी स्वतः जॉबरकी केलेली हाय आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, आता वय झालं, घरी असतो. वरचे सर म्हणतेत ते बरोबरच हाय पण दोन गोष्टी कारखान्यातला माणूसच सांगणार म्हणून लिहितो.

पहिली, मजुरी. मागावरच्या माणसाला कामावर पैसे हायत, माग चालला तर पैसा. तुम्ही त्याला अर्धा तास कागद घेऊन बसवला म्हणजे त्याचा अर्ध्या तासाचा माल गेला, मग तो घड्याळाकडं बघणार का आयडिया देणार? त्या वेळेचे पैसे देतो म्हणून आधी सांगा, सगळ्यांसमोर सांगा, मग बघा कसे मोकळे होतेत. शिफ्ट सुटल्यावर तर अजिबात थांबवू नका, बायांना घरी जाऊन स्वैपाक असतोय.

दुसरी, नाव. मामा ऑफिसात गप का बसतेत सांगू का, उद्या त्यांची आयडिया घेतली आणि लॉट खराब निघाला तर मालक म्हणणार तूच सांगितलं होतंस. लै ठिकाणी बघितलंय मी हे. म्हणून कागदावर नाव टाकायला लावू नका. आणि मालकाच्या तोंडातून पहिल्या मिनिटाला "खर्च" निघाला की सगळ्यांचं बंद होतंय, ताण्याचा एक धागा तुटल्यावर अख्खा माग उभा राहतो तसं. मालक वाईट असतो असं नाही, त्याला खर्च दिसतोय कारण बिल त्यालाच भरायचं असतंय. पण त्याचं दिसणं दुसऱ्या दिवशी कामाला येतंय, पहिल्या दिवशी नाही.

तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा.

---

चौकटीतला_माणूस

सहा-तीन-पाच करा, पण त्याच्या आधी किंवा नंतर एक तक्ता जरूर करा, टॉवेलसारख्या वस्तूला तो फार छान लागू पडतो. फ्रित्झ झ्विकी नावाचा स्विस खगोलशास्त्रज्ञ अमेरिकेत कॅलटेकमध्ये होता, दिसत नाही असं द्रव्य विश्वात असलं पाहिजे हे १९३३ मध्ये सांगणारा तोच, त्याने ही पद्धत काढली आणि जेट इंजिनांचे किती प्रकार होऊ शकतात ते शोधायला वापरली. मॉर्फॉलॉजिकल बॉक्स म्हणतात, नाव अवघड आहे पण काम वहीच्या एका पानाचं आहे.

वस्तूचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाचे पर्याय लिहायचे. उदाहरणार्थ, कोण वापरणार: तान्हं बाळ, सलूनवाला, हॉस्टेलवरची मुलगी, वारकरी, जिमला जाणारा. वीण कशी: दोन्ही बाजूंनी लूप (टॉवेलवरचे सुताचे छोटे फास), एका बाजूला लूप आणि दुसरी सपाट, हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी खळग्यांची वीण), नुसतं साधं कापड, मध्ये जेकार्डचा पट्टा (विणतानाच काढलेली नक्षी). जोडलेलं काय: टांगायला फीत, खिसा, टोपी, बटण, काहीच नाही. विकणार कुठे: रेल्वे स्टेशन, मेडिकल दुकान, शाळेच्या युनिफॉर्मची दुकानं, यात्रा, ऑनलाइन. झाले चार भाग, प्रत्येकाचे पाच पर्याय, म्हणजे ६२५ जोड्या. सगळ्या बघायच्या नसतात. डोळे मिटून प्रत्येक ओळीतला एक उचलायचा आणि जी जोडी आली तिच्यावर दोन मिनिटं खरोखर विचार करायचा, ही वस्तू असली तर कशी असेल, कोण घेईल.

यातून आपण आपणहून कधीच ज्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या नसत्या त्या शेजारी येतात. तान्हं बाळ, एका बाजूने सपाट, टोपी, मेडिकल दुकान ही जोडी बघा, सपाट मऊ बाजू आत आणि लूपची बाजू बाहेर. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारी एवढी युनिट आहेत, टोपी शिवून घ्यायला लांब जायचीपण गरज नाही.

स्कॅम्परचंही विचारलंय म्हणून थोडक्यात: ऑसबॉर्नच्या प्रश्नांच्या यादीवरून बॉब एबर्ली यांनी १९७१ मध्ये बेतलेली ती सात प्रश्नांची यादी आहे, यातलं काय बदलता येईल, काय जोडता येईल, काय काढून टाकता येईल, उलटं केलं तर, अशी. एकट्याने बसून एखाद्या जुन्या आयटमवर काम करायला बरी. गटाला मात्र मी तक्ताच सांगेन.

---

नवीपेठ_कट्टा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. पद्धत कुठलीही घ्या, प्रश्नच "नवीन काय करायचं" असेल तर १०८ काय हजार आयडिया आल्या तरी हाताला काही लागणार नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नाला माणूस "रंग काढू" एवढंच उत्तर देणार, काकांची त्यात चूक नाही. माझं कपड्याचं दुकान आहे, गिऱ्हाईक रोज काउंटरवर टॉवेल हातात घेऊन काहीतरी बोलत असतं, ते शब्द म्हणजे तुमचे प्रश्न. "नवीन टॉवेल पाणीच टिपत नाही", "पावसाळ्यात वाळत नाही, वास मारतो", "धुतल्यावर धागे ओढले जातात", "मुलाला हॉस्टेलला द्यायचाय, हरवतो". यातला एक प्रश्न घ्या आणि कागदाच्या वर लिहा: पावसाळ्यात दोन तासांत वाळेल असा टॉवेल कसा करायचा? मग बघा मामा थांबतायत का.

मीटिंगच्या आधी एक दिवस चाटी गल्लीत दोन-तीन दुकानांत नुसतं उभं राहून ऐका. आणि मंडळी फारच लाजत असतील तर प्रश्न उलटा करा, आपला टॉवेल गिऱ्हाइकाने परत कधीच घेऊ नये यासाठी काय काय करता येईल? यालाही रिव्हर्स ब्रेनस्टॉर्मिंग म्हणून नाव आहे. चांगलं सांगायला लोक कचरतात, वाईट कसं करायचं हे भराभर सांगतात, आणि त्यातलं प्रत्येक उत्तर फिरवलं की सुधारणा मिळते. सॉफ्टनर जास्त मारा म्हणजे दुकानात मऊ लागेल आणि घरी पाणी टिपणार नाही, असं कुणीतरी म्हणेलच. ते उलटं वाचा, तुमचा एक आयटम तयार आहे: पहिल्या दिवसापासून पाणी टिपणारा टॉवेल, हाताला थोडा कमी मऊ लागला तरी चालेल आणि तसं पाकिटावर स्पष्ट लिहायचं.

---

मागावरची_मुलगी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. धोटा काका, मजुरीचा मुद्दा पप्पांना वाचून दाखवला, ते लगेच म्हणाले त्या वेळेचे पैसे देऊ, यात विचारायचं काय. मामांना तुमचा नमस्कार पोचवला, ते तुम्हाला ओळखत असतील असं म्हणतायत.

पावसाळ्यात लवकर वाळणारा हाच प्रश्न घेणार आहोत. आता एक शंका, आयडिया आल्या समजा, पुढे निवडायच्या कशा? कारण निवडायला बसलो की परत पप्पा आणि काकाच बोलणार आणि बाकीचे परत कपात बघणार, हे मला आत्ताच दिसतंय.

---

कागद_पेन_सोलापूर

त्याच दिवशी निवडू नका, एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी कागद भिंतीला लावा आणि प्रत्येकाला टिकल्यांचं एक पाकीट द्या, हो, कपाळाला लावायच्या टिकल्या, बाजारात दहा रुपयांना मिळतात आणि मावशींना त्या हातात घ्यायला संकोच वाटत नाही. प्रत्येकाला पाच टिकल्या, जी आयडिया पटली तिच्यापुढे लावायची, एकीलाच पाचही लावल्या तरी चालतील. पप्पा आणि काकांनी सगळ्यात शेवटी लावायच्या, हे महत्त्वाचं, नाहीतर सगळ्या टिकल्या मालकाच्या टिकलीशेजारी जाऊन बसतात.

मग जास्त टिकल्या मिळालेल्या तीन-चार आयडियांवर सहा टोप्या वापरा, त्या पद्धतीची जागा इथे आहे. एडवर्ड डी बोनो यांनी १९८५ मध्ये मांडली, पांढरी टोपी म्हणजे माहिती, लाल म्हणजे मनाला काय वाटतं, पिवळी म्हणजे फायदा, काळी म्हणजे धोका, हिरवी म्हणजे नवीन पर्याय आणि निळी म्हणजे चर्चा चालवणाऱ्याची. एका वेळी सगळ्यांनी एकाच रंगाचं बोलायचं. पिवळी आधी घ्या, काळी नंतर. पप्पांनापण पाच मिनिटं या आयडियेचा फायदा काय तेच बोलावं लागेल, आणि काळ्या टोपीच्या वेळी डाइंगचा खर्च त्यांनी खुशाल मांडावा, तेव्हा तो मांडलाच पाहिजे.

---

मागावरची_मुलगी

झालं मंडळी! कागद ऑफिसात न ठेवता मी शिलाईच्या लांब टेबलावर ठेवले, तिथे मावशींची रोजची जागा, त्यामुळे त्यांना परकं वाटलं नाही. पहिल्या फेरीत दोन कागद जवळजवळ कोरेच होते, पण कागद फिरायला लागले आणि तिसऱ्या फेरीपासून कुणी मान वर करून बघेना. काका एकदा बोलायला गेले तर मामांनीच तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प केलं, हे आमच्या कारखान्यात पहिल्यांदा घडलं असेल.

सगळ्यात जास्त टिकल्या ज्या कागदाला मिळाल्या त्याची गोष्ट सांगते. पहिल्या ओळीत डिझाइनवाल्या दादाने लिहिलं होतं, लूप कमी करा, जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) कमी करा. खाली तेलुगूत एक ओळ होती, शेजारी मराठीत लिहिलेलं, कडेला लूप ठेवून मध्ये पातळ विणा. त्याखाली एका मावशीने काहीच लिहिलं नव्हतं, कापडाचा एक तुकडा स्टेपल केलेला, त्याच्या दोन कोपऱ्यांना फितीचे दोन बंद टाके घालून जोडलेले, आणि खाली एक चित्र, दोन माणसं चालतायत आणि एकाच्या पाठीवरच्या पिशवीला टॉवेल बांधलेला. विचारलं तर म्हणाल्या, आम्ही दरवर्षी पंढरपूरला जातो, चंद्रभागेत अंघोळ केली की ओला टॉवेल ठेवायचा कुठे हाच प्रश्न असतो, पिशवीत कोंबला तर कपडे ओले होतात, बंद असले तर पाठीवर बांधून चालता चालता वाळतो. पप्पा तो कागद हातात धरून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले याचं सँपल लावा.

पिवळ्या टोपीला काकाच जास्त बोलले, जीएसएम कमी म्हणजे सूत कमी, टॉवेल वजनाला हलका आणि नगावर विकायचा, म्हणजे किलोचा भाव मधून गेलाच. काळ्या टोपीला मामांनी अडचण सांगितली की मध्ये सपाट आणि कडेला लूप एकाच टॉवेलमध्ये केलं तर दोन्हीकडचा ताण सारखा राहत नाही, कड झालरीसारखी होऊ शकते. यावर कुणी काही सांगू शकेल का?

---

धोटा_ते_जेकार्ड

लै आनंद झाला वाचून, त्या मावशींना शाबासकी द्या आणि शक्य असलं तर पहिल्या लॉटवर काहीतरी बक्षीस द्या.

मामा बरोबर बोलतेत. टेरीला दोन बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेले रूळ) असतेत, एक जमिनीचा, म्हणजे खालच्या सपाट कापडाचा, आणि एक लूपचा. कडेला लूप आणि मध्ये सपाट उभं घेतलं तर लूपचा बीम सगळीकडं सारखा सुटणार नाही, मग घोळ होणार. म्हणून उभं घेऊ नका, आडवं घ्या. दोन्ही टोकांना चार-सहा इंच लूप आणि मधला सगळा भाग सपाट, तुम्ही टॉवेलला बॉर्डर काढताय तिथं लूप बंद करताय ना, तेच लांबवायचं. टोकाला तोंड पुसायचं, मधल्यानं अंग, आणि वाळायला मधला पातळ भाग लागतोय. मात्र लूप एवढा वेळ बंद ठेवला तर त्या बीमचा ताण बघत राहायला लागतंय, मामांना सांगा पहिले थोडे नग स्वतः उभं राहून काढा.

सँपल निघालं की विकायची घाई करू नका, आधी दहा-बारा वेळा धुवा, कोरं कापड आटतंय, आणि लूपचा भाग आणि सपाट भाग वेगवेगळा आटतोय. धुतल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि किती वेळात आत जातोय ते बघा, थेंब वरच बसून राहिला तर फिनिशिंगला सॉफ्टनर कमी करा. बंद शिवताना दुहेरी टाका घाला, ओल्या टॉवेलचं वजन तिथंच येतंय.

दिवाळी झाली की दहा-बारा दिवसांत कार्तिकी एकादशी असतीय, माल दिवाळीला तयार असला तर पंढरपूरला तेव्हाच थोडा नेऊन बघा, आषाढीपर्यंत थांबू नका. गड्ड्याच्या यात्रेलापण जानेवारीत आपल्याच गावात लावता येतोय. भाव काय ठेवणार ते ठरलं की इथं सांगा.